राहिलेली माफी

सॉलोमनभाई माफी फार मागायचे. रांगेत त्यांच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडला तरी 'सॉरी' हेच म्हणणार. प्रवासी उन्हानं हैराण झाले की उन्हाबद्दल माफी, लेण्यात वटवाघळांचा वास आला की वासाबद्दल माफी. आमच्या ऑफिसखालचा चहावाला एकदा मला म्हणाला, "मॅडम, ह्या सायबाच्या शर्टावर माझ्या हातनं चहा सांडला, तर त्येच मला सॉरी म्हन्ले. मला लई कसंतरी झालं."

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी प्रवाशांना फिरवणारे आम्ही गाइड. मी फ्रेंच बोलणाऱ्यांना, ते इंग्रजी बोलणाऱ्यांना. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. उंच, काळेसावळे, उन्हानं आणखी रापलेले. डोक्यावर खाकी हॅट, आणि हॅट काढली की खाली छोटी विणलेली टोपी. ह्या टोपीमुळं दौलताबादचे दुकानदार त्यांना सुलेमानभाई म्हणायचे आणि ईदला शीरखुर्मा धाडायचे. आमच्या एजन्सीच्या मालकीणबाई त्यांना ख्रिश्चन समजून डिसेंबरात केक द्यायच्या. दोन्ही ते हसून घ्यायचे, दोघांनाही त्यांची चूक समजावून सांगायचे, आणि पुढल्या वर्षी दोन्ही पुन्हा यायचं. आडनाव वरसोलकर. ते ऐकून कुणी विचारायचं, "वरसोलकर म्हणजे कोकणातले कोण हो?"

"ज्यू. बेने इस्रायल."

"हो का, हो का." थोडं थांबून, "पण मूळचे कोण?"

"मूळचेच ज्यू," सॉलोमनभाई म्हणायचे. "सॉरी हां."

त्यांच्या पणजोबांच्या वेळी अलिबागच्या बाजूला ह्या लोकांना शनवार तेली म्हणत. काम तेल गाळायचं, आणि शनिवारी घाणा बंद. "आमच्या सुट्टीवरून आमचं नाव पडलं," ते सांगायचे, "म्हणजे सुट्टी किती कडक पाळत असतील बघ!" तीच सुट्टी ते संभाजीनगरात पाळत होते. शनिवार-रविवार म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. पण शुक्रवारी दुपार कलली की सॉलोमनभाई गाडीत पुढं बसून सूर्याकडं बघायला लागायचे, आणि ते बघायला लागले की भाऊराव न सांगता गाडी जोरात हाणायचा. सूर्य बुडायच्या आत त्यांना छावणीतल्या घरी पोचवायचं, हे त्याचं काम. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फोन नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही, चूल नाही.

भाऊराव आमचा ड्रायव्हर. कन्नडकडच्या धनगर घरातला. बाप अजून मेंढरं राखतो. सॉलोमनभाईंच्या घरी तो पहिल्यांदा गेला तेव्हा दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी नळी त्यानं बेल समजून बराच वेळ दाबली होती. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते, जाता-येता बोटं लावून ती बोटं ओठांना लावायची, हे कळल्यावर तो इतका ओशाळला की पुढं कधीही आत जाताना त्या नळीला नमस्कार करायला लागला. नमस्कार करू नको म्हणून सॉलोमनभाईंनी त्याला पुष्कळ सांगितलं.

"मग काय करू? देवाचंच हाय ना?"

"देवाचंच आहे. पण देव नाही तो."

"तुमचं लई बारीक असतं," भाऊराव म्हणाला आणि नमस्कार करतच राहिला.

एकदा गावच्या जत्रेचं मटण त्यानं डबा भरून आणलं. सॉलोमनभाईंनी हात जोडून माफी मागितली. जनावर त्यांच्या रीतीनं कापलेलं लागतं, कापणारा शिकलेला लागतो, आणि तसा माणूस आमच्या शहरात नाही. म्हणून इथं ते शाकाहारीच. मुंबईला गेले तर बहिणीकडं काय खातील तेवढंच. भाऊराव म्हणाला, "तुमची रीत सांगा, बाप तसंच कापील."

"त्यासाठी त्याला आधी ज्यू व्हावं लागेल."

"मग ऱ्हाऊ द्या. आईला नाय चालायचं."

त्यांची बायको एस्थर गेल्यावर शुक्रवारचा दिवा तेच लावायचे. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. काळ्या मनुका भिजवून उकळून केलेलं शरबत एका चांदीच्या पेल्यात, स्वतः भाजलेल्या दोन भाकऱ्यांवर पांढरा रुमाल, आणि समोर एस्थरची रिकामी खुर्ची. मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेलेली. शहरात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. मी एकदा विचारलं, कुणी बघायला नसताना एवढं सगळं कशाला? ते म्हणाले, "अगं, बघायला कुणी नसतं तेव्हाच तर भीती वाटते."

पण मी सुरुवातीला म्हटलं तो माफीचा स्वभाव कुठून आला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पोटासाठी त्यांना दिवसभर मूर्तींपुढं उभं राहावं लागायचं. आणि मूर्तींबद्दल ते असं काही बोलायचे की मी माझ्या प्रवाशांना गप्प करून त्यांचं ऐकायची. कैलास लेण्यातला रावण पर्वत हलवतोय ते शिल्प दाखवताना ते पार्वतीची भीती स्वतःच्या अंगात आणायचे. पण हात कधी जोडले नाहीत. प्रवाशांनी फोटोसाठी 'नमस्ते' करायला सांगितलं तर विनयानं नकार. परत येताना गाडीत डोळे मिटून पुटपुटायचे. भाऊरावनं विचारलं, काय म्हणता?

"माफी मागतो."

"कुनाची?"

"ज्याची मूर्ती नाही, त्याची."

वर्षातून एकदा त्यांचा दारफाळणीचा सण यायचा. दारं लावून घ्यायची, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, पांढरे कपडे घालून दिवसभर देवाकडं वर्षाच्या चुका कबूल करायच्या. त्यासाठी ते मुंबईला जायचे. जायच्या आधी आठवडाभर आम्हा प्रत्येकाकडं यायचे. "मीनल, वर्षभरात काही बोललो असेन, दुखवलं असेन, तर माफ कर." मालकीणबाईंकडं, भाऊरावकडं, चहावाल्याकडं, सगळ्यांकडं. कारण देवाकडं फक्त देवाशी केलेल्या चुका माफ होतात, माणसाशी केलेल्या चुका माणसाकडंच माफ करून घ्याव्या लागतात, असं ते म्हणायचे. आम्ही हसून म्हणायचो, माफ, माफ. आम्हाला ती गंमत वाटायची.

मग हॅरॉल्ड आणि रूथ आले.

इंग्लंडहून आलेलं म्हातारं ज्यू जोडपं. सॉलोमनभाई ज्यू आहेत असं मुंबईत कुणीतरी रूथला सांगितलं, म्हणून तिनं मुद्दाम त्यांनाच मागितलं होतं. सॉलोमनभाई आठवडाभर आधीपासून हुरळले होते. गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी सकाळी दौलताबादचा किल्ला, दुपारी सगळे छावणीत, आणि संध्याकाळी त्यांच्या टेबलावर शब्बाथचं, म्हणजे त्या शनिवारच्या सुट्टीचं जेवण, असा बेत त्यांनी ठरवला. एस्थर गेल्यावर पहिल्यांदाच त्या टेबलाशी कुणी बसणार होतं. त्यांनी नवा टेबलक्लॉथ आणला आणि तो मला दाखवायला ऑफिसात घेऊन आले.

गुरुवारी संध्याकाळी ते ऑफिसात आले ते वेगळेच. खुर्चीवर बसले आणि बराच वेळ हॅट हातात फिरवत राहिले.

हॅरॉल्ड शाळामास्तर होता, निवृत्त झालेला. दिसेल त्याची परीक्षा घ्यायची त्याला सवय. भाऊरावला त्यानं गाडीच्या इंजिनाबद्दल प्रश्न विचारले होते. सॉलोमनभाईंना विचारलं, तुमचे लोक धर्मांतर केलेले ना? सॉलोमनभाईंनी सांगितलं, नाही, फार पूर्वी कोकण किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही. हॅरॉल्ड म्हणाला, गोष्ट सुंदर आहे, पुरावा काय? मग म्हणाला, तुम्ही दिसता तर अगदी ह्या ड्रायव्हरसारखे.

"मी म्हटलं, ड्रायव्हर माझ्यापेक्षा गोरा आहे," सॉलोमनभाई म्हणाले. "रूथबाई हसल्या. तो नाही हसला. कैलास लेण्यात मधोमध उभा राहून म्हणाला, शेमा म्हणून दाखवा."

शेमा म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी प्रार्थना. देव एकच आहे, अशी. सकाळी उठल्यावर, रात्री निजताना, आणि मरताना म्हणायची.

"मग?"

"म्हटला." त्यांनी हॅट टेबलावर ठेवली. "नाही म्हणता आलं असतं गं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर ह्याला वाटेल येत नाही. म्हणून म्हटला. सगळीकडं मूर्ती, आणि मधे उभा राहून मी 'देव एकच' म्हणून दाखवतोय, तोंडी परीक्षेला उभा राहिल्यासारखा. त्यानं माझे उच्चारसुद्धा दुरुस्त केले."

इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढला नाही. पण निघताना जिन्यात त्यांचा धक्का एका माणसाला लागला आणि ते काही न बोलता खाली गेले.

शुक्रवारी सकाळी माझाही गट दौलताबादलाच होता. किल्ल्याचा नियम आम्हा गाइड लोकांत ठरलेला आहे. वयस्क माणसाला खंदकाच्या पुलापर्यंत न्यायचं, तोफ दाखवायची, आणि तिथंच गोष्टीत गुंतवून परत आणायचं. पुढं अंधारी, म्हणजे काळोखी भुयारवाट, आणि अंधारीच्या पुढं उभ्या चढाच्या पायऱ्या, थेट वरच्या महालापर्यंत, बारादरीपर्यंत. सॉलोमनभाई ह्या कामात सगळ्यांत हुशार. पहिल्या चार पायऱ्यांवरच माणसाचा श्वास ऐकून ते ठरवायचे. मग "इथून दिसतं तसं वरून दिसत नाही" असं काहीतरी ठोकून द्यायचे, सॉरी म्हणायचे, आणि माणूस खाली राहायचा, शिवाय खूशही असायचा.

मी वरून उतरत होते तेव्हा ते दोघं मला चढताना भेटले. हॅरॉल्ड जाडजूड, लालबुंद, कठड्याला धरून चढत होता. सॉलोमनभाई त्याच्या दोन पायऱ्या पुढं. मागं बघत नव्हते. मला बघून फक्त मान हलवली. ऊन तापलं होतं. उशीर झालाय, असं माझ्या मनात आलं, बाकी काही नाही.

खाली रूथ झाडाखाली बसली होती आणि भाऊराव तिच्याजवळ उभा होता. तो मला म्हणाला, "मॅडम, मी सायबाला म्हन्लं, ह्यांना वर नेऊ नका, लई धापा टाकायलेत. तर म्हन्ले, त्यांना जायचंय, जाऊ दे."

हॅरॉल्ड बारादरीपर्यंत गेला, बघून आला. खाली येताना खांदा दुखतोय म्हणाला. गाडीत त्याला घाम फुटला. भाऊरावनं गाडी सरळ जालना रोडवरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दुपारी तो गेला.

सूर्य बुडायला अवकाश होता. भाऊराव सॉलोमनभाईंना म्हणाला, चला, घरी सोडतो, दिव्याची वेळ व्हायली. ते म्हणाले, मी इथंच थांबतो. त्यांच्यात गेलेल्या माणसाला पुरेपर्यंत एकटं सोडत नाहीत, कुणीतरी जवळ बसून स्तोत्रं म्हणायची असतात. शब्बाथला पुरायचंही नसतं आणि न्यायचंही नसतं. शहरात बसायला दुसरं कुणी नव्हतं. त्या शुक्रवारी छावणीतल्या घरी दिवा लागला नाही.

शनिवारी सकाळी मी गेले. शवागाराबाहेरच्या बाकावर ते बसले होते, आदल्या दिवशीच्याच कपड्यांत, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. शेजारी रूथ. ते संथ हेलात म्हणत होते. कोकणातल्या ओवीच्या वळणानं जाणारा तो हेल. रूथ इंग्रजीत मला म्हणाली, "आधी मला ह्यांचा एक शब्द कळेना. आता सगळं कळतंय." मग हलकेच म्हणाली, "हॅरॉल्ड असता तर उच्चार दुरुस्त केले असते." सॉलोमनभाई थांबले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

मधेच हॉटेलवाल्यांनी माझ्याकडं फोन जोडून दिला. इंग्लंडहून मुलगा बोलत होता. तो स्वतः शब्बाथ वगैरे पाळत नव्हता, पण आईसाठी काळजीत होता. बाजूला जाऊन मी बोलले.

"वडिलांपाशी आपलं कुणी आहे का? म्हणजे ज्यू?"

"आहेत. काल दुपारपासून बसलेत."

"खरे ज्यू, की तिथले स्थानिक?"

मी परत म्हटलं, "काल दुपारपासून बसलेत." हे मी सॉलोमनभाईंना कधी सांगितलं नाही.

रूथ चेहरा धुवायला गेली तेव्हा मी त्यांना पाण्याची बाटली आणि केळी दिली. त्यांनी केळ्यावर आशीर्वाद म्हटला, पण खाल्लं नाही.

"मीनल, तू पायऱ्यांवर भेटलीस ना?"

"हो."

"पाहिलंस ना, मी पुढं चालत होतो. मला मागं त्याचा श्वास ऐकू येत होता. मला श्वास ओळखता येतो, तुला माहितीये." ते भिंतीकडं बघत होते. "मला वाटलं, दमू दे. परीक्षा घेतोस ना, दे तूही एक. एवढंच वाटलं. मरू दे असं नाही वाटलं. पण दमू दे, असं वाटलं."

मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओढत नेलं नाहीत, त्यांचं वय होतं, हट्ट होता. जे कुणीही म्हणेल ते सगळं मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "भाऊरावनं सांगितलं होतं मला." आणि पुस्तक उघडलं.

चांदण्या दिसल्यावर रुग्णवाहिका मुंबईला निघाली. पार्थिव इंग्लंडला न्यायला फार दिवस गेले असते, म्हणून मुंबईच्या ज्यू दफनभूमीत पुरायचं रूथनं ठरवलं. सॉलोमनभाई बरोबर गेले. त्यांनी आणि तिथल्या लोकांनी हॅरॉल्डला आंघोळ घातली, पांढरं कफन नेसवलं. माती लोटून झाल्यावर ते रूथसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, श्वासापासून भाऊरावपर्यंत. हे त्यांनीच मला परत आल्यावर सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सगळ्या संसारात हॅरॉल्डला कुणी थांबवू शकलं नाही, तुम्ही काय थांबवणार होता! माझा हात धरला. म्हणाल्या, मी तुम्हाला माफ केलं."

"मग झालं तर."

"तिनं कशी करायची गं माफ? मेली ती नाही."

त्यानंतर सॉलोमनभाईंनी सॉरी म्हणणं सोडलं. ठरवून नसेल, पण तोंडातून तो शब्द येईनासा झाला. उन्हाबद्दल नाही, वासाबद्दल नाही. दारफाळणीच्या आधी ते आमच्याकडं यायचे, दारात उभे राहायचे, आणि "येतो मुंबईला" एवढंच म्हणून जायचे. आम्ही आपणच म्हणायचो, "माफ हां, सॉलोमनभाई." ते मान खाली घालायचे.

आणि दौलताबादला ते लोकांच्या मागं लागायला लागले. स्वतःचे प्रवासी सोडून दुसऱ्यांचेही. दम लागलेलं कुणी दिसलं की आडवे जायचे. एकदा कन्नडकडचे एक आजोबा नातवंडांना घेऊन चढत होते. सॉलोमनभाईंनी वाट अडवली.

"मामा, बसा इथंच. वर काही नाही."

"काय नाय कसं? येवढे लोक काय उगी चढायलेत व्हय?"

"छातीत दुखेल."

"आरं, मी रोज घाट उतरून-चढून म्हशी चारतो. तुलाच धाप लागायली, तू बस!"

लोक हसले. सॉलोमनभाई तिथंच बसले आणि आजोबा उतरून येईपर्यंत उठले नाहीत. आल्यावर त्यांना पाणी दिलं. एजन्सींकडं तक्रारी गेल्या, की हा गाइड लोकांना किल्ला बघू देत नाही. त्यांची कामं कमी होत गेली.

दर वर्षी हॅरॉल्डच्या तिथीला ते मुंबईला जायचे. मी एकदा विचारलं, तुमच्या धर्मात अशा माफीला काही वाटच नाही का? माणूस गेला म्हणजे संपलं?

"आहे ना," ते म्हणाले. "दहा ज्यू पुरुष घेऊन कबरीपाशी जायचं. दहांच्या समोर मोठ्यानं सांगायचं, मी देवाचा आणि ह्या माणसाचा अपराध केला, आणि काय केला तेही सांगायचं. मग ते दहा जण मेलेल्याच्या वतीनं माफ करतात."

"मग करत का नाही? मुंबईत दहा मिळतील की."

"मिळतात. दर वर्षी मिळतात." "पण लाज वाटते. आधीच जगाला वाटतं आम्ही अर्धेमुर्धे ज्यू. त्यात आमच्याच माणसांसमोर उभं राहून सांगायचं, की एक ज्यू पाहुणा आला आणि मी त्याला..."

पुढं त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, लेक बोलवत होती, आणि त्यांनी छावणीतलं घर सोडायचं ठरवलं. भाऊरावनं चौकटीवरची नळी स्क्रू काढून स्वतः कपड्यात गुंडाळून दिली. तेव्हाही त्यानं नमस्कार केला. इस्रायलला जायच्या आदल्या दिवशी मला मुंबईहून त्यांचा फोन आला. मी बहिणीकडं ठाण्यालाच होते. म्हणाले, "उद्या सकाळी येशील? दहा जण जमवलेत. तू पायऱ्यांवर होतीस, म्हणून ये." दुसऱ्या दिवशी रात्रीच त्यांचं विमान होतं. तिकडं ते दीड-दोन वर्षं जगले. म्हणजे ती सकाळ आमची शेवटचीच.

दफनभूमी लहान, चहूबाजूंनी इमारती. दहा जण उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, एक रिक्षावाला, एक दाताचे डॉक्टर, काही फारच म्हातारे. सगळे आपसांत मराठीत बोलत होते. मी बाजूला झाडापाशी थांबले. कबरीवर हॅरॉल्डचं नाव हिब्रूत आणि इंग्रजीत.

सॉलोमनभाईंनी आधी हिब्रूतलं वाचलं. शब्द स्पष्ट होते. मग कागद खिशात ठेवला, हॅट नीट केली, आणि मराठीत बोलायला लागले. हॅरॉल्डला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण त्यांनी अंगातली सगळी ताकद एकवटून, त्याच्याशीच बोलल्यासारखं सांगितलं.

"साहेब, मला तुमचा राग आला होता. तुम्ही मला शेमा म्हणायला लावलात म्हणून. मला तुमचा श्वास ऐकू येत होता, आणि मी थांबलो नाही. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, तरी थांबलो नाही."

दहा जणांपैकी कुणी हललं नाही.

"आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. तुमच्या बायकोलापण नाही. वर बारादरीत तुम्ही बसलात, आणि मला म्हणालात, काल मी चुकलो. रात्री रूथ मला फार बोलली. मला माफ करा. मी ऐकलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणालो, चला उतरू, शब्बाथला उशीर होईल. तुम्ही परत नाही विचारलंत."



"तर आधी ते," सॉलोमनभाई म्हणाले. "माफ आहे, साहेब. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. आणि आता मी मागतो. मला माफ करा."

दहा जण एका सुरात हिब्रूत दोन शब्द म्हणाले. तुला माफ आहे. मग पुन्हा एकदा. तीनदा म्हणायचं असतं. तिसऱ्या वेळी त्यांतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ, काठीवर वाकलेले, हिब्रू म्हणता म्हणता मधेच मराठीत म्हणाले, "माफ आहे रे बाळा, माफ आहे."

मग माणसं हलली. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी फोन काढला. दोघांनी सॉलोमनभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे दहा जण फाटकाकडं गेले. बाहेर टॅक्सी उभी होती, त्यांची बॅग तिच्यात होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "सॉलोमनभाई, झालं. चला."

त्यांनी माझ्याकडं न बघता तळहात वर केला, थांब म्हणून. ते दगडाकडं तोंड करून, मान थोडी पुढं झुकवून उभे होते. दहा जणांचं ऐकून झालं होतं. आता ते आणखी एकाचं ऐकायला थांबले होते. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. ते तसेच उभे राहिले.